तीन क्विंटलची मंदी

२०२३ च्या एप्रिलमध्ये भाचीच्या खोलीत शिरायचं म्हणजे आधी कापूस तुडवावा लागे. देवळी तालुक्यातलं माझ्या धाकट्या बहिणीचं घर तसं ऐसपैस. पण त्या साली कोठीची खोली भरली, ओसरी भरली, आणि उरलेला माल जवाईबुवांनी पोरीच्या खोलीत टाकला. खिडकीच्या वरपर्यंत ढीग. एका कोपऱ्यात टेबलापुरती जागा, त्यावर लॅपटॉप, आणि टेबलाखाली पाय घेऊन पोरगी पोटऱ्यांना खोबरेल चोळत बसलेली. कापूस घरात फार दिवस राहिला की त्यात बारीक किडे होतात आणि अंगाला खाज सुटते. त्या उन्हाळ्यात विदर्भातल्या कितीतरी घरांत माणसं अशीच खाजवत होती.

मी म्हटलं, "बाहेर बस ना बाई, ओट्यावर."

"बाहेर नेटवर्क नाही मामा." मग ढिगाकडे हात करून म्हणाली, "याले ऑप्टिमल स्टॉपिंगचा प्रॉब्लेम म्हणतात."

"कशाले?"

"बाबा कापूस कधी विकतील, त्याले."

ती तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राला होती आणि प्रकल्पाचं काम घरून करत होती. विषय गणिती वित्तशास्त्र. मी चाळीस वर्षांपूर्वी त्याच पदवीसाठी नागपूरला जात होतो, तेव्हा हे दोन शब्द एकमेकांशेजारी कुणी लिहिलेले मी पाहिले नव्हते. गणित गणिताच्या जागी, आणि पैशाचा हिशोब वर्ध्याच्या गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालयात. जी.एस. कॉमर्स १९४० चं, शिक्षण मंडळाचं, आणि आमच्या बी.एस्सी.वाल्यांना तिकडच्या पोरांबद्दल उगाच एक तुच्छता. ते लेजर लिहितात, आपण प्रमेय सिद्ध करतो, असा तोरा. पुढं त्यातले बरेच जण बँकेत मॅनेजर झाले आणि आमच्या घरबांधणीच्या कर्जावर त्यांनीच सह्या केल्या, ही गोष्ट वेगळी.

माझं एम.एस्सी. १९८३ ते ८५ मधलं. वर्ध्याहून सकाळची पॅसेंजर, खिशात महिन्याचा पास. सेवाग्राम, सेलू रोड, सिंदी, बोरखेडी, बुटीबोरी करत गाडी नागपूरला पोचायची, तिथून सिटी बसनं अमरावती रोडच्या कॅम्पसवर. सिंदीला संत्र्याच्या टोपल्या घेऊन बाया चढत, आणि आम्ही तिघं-चौघं दाराशी उभं राहून मेजर थिअरीच्या व्याख्या घोकत असू. मोजता येणारे संच कोणते आणि न येणारे कोणते! बाजूचा एखादा गाववाला ऐकून ऐकून विचारायचा, "कोन्ती परीक्षा आहे बाप्पा?" आम्ही सांगायचो, गणिताची. तो म्हणायचा, "मंग आकडे काहून नाही म्हणून राहिले?"

खरंच आकडे नव्हते. दोन वर्षांत पाढ्यांपलीकडचा आकडा क्वचित आला असेल. विदर्भातल्या गणित विभागांत तेव्हा सापेक्षतावादाचं मोठं वेड. हुशार पोरगा दिसला की त्याला आइन्स्टाइनच्या समीकरणांना जुंपायचे. बाकीच्यांनी टोपॉलॉजी, फंक्शनल अ‍ॅनालिसिस, आणि स्नेडनच्या पुस्तकातून आंशिक विकलक समीकरणं करायची. त्यात उष्णतेचं समीकरण होतं. लोखंडी सळईचं एक टोक तापवलं तर दुसऱ्या टोकाला किती वेळानं किती ऊब पोचेल, ते सांगणारं. मी ते इतक्यांदा सोडवलं की स्वप्नातसुद्धा सळई दिसायची. पुस्तक एकच, ग्रंथालयातलं. आळीपाळीनं घरी न्यायचं आणि हातानं उतरवून काढायचं. झेरॉक्स होती, पण एका पानाच्या पैशात कॅन्टीनचा चहा यायचा, आणि आम्ही चहाच्या बाजूचे.

ज्या सळईवर मी दोन वर्षं घातली, तिचाच गणिती भाऊ अमेरिकेत कधीच बाजारात उतरला होता हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचा लेख १९७३ चा, रॉबर्ट मर्टनचाही त्याच साली. ऑप्शनची किंमत काढायचं त्यांचं समीकरण चलं बदलून लिहिलं की जसंच्या तसं उष्णतेचं समीकरण होतं. उत्तर सळईसारखंच निघतं. फरक एवढाच की इथं वेळ उलटी चालते. मुदतीच्या दिवशी काय मिळणार ते माहीत, तिथून मागं यायचं. ही गोष्ट मला कळली तेव्हा मी पस्तिशीच्या पुढचा, एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला त्रिकोणमिती शिकवणारा मास्तर होतो. १९९७ साली शोल्स आणि मर्टन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळाल्याची बातमी आली, ब्लॅक दोन वर्षं आधीच वारला होता. मी कुतूहलानं नागपूरला जाऊन पुस्तक धुंडाळलं. पान उलटलं आणि समोर सळई. त्या क्षणी आनंद झाला की राग आला, ते अजून ठरत नाही.

रागाचं कारण आबाजी. माझे आबाजी हिंगणघाटच्या एका जिनात मुनीमजींच्या हाताखाली कारकून होते. हिंगणघाट म्हणजे आज लोकांना वणेकाठचं तालुक्याचं गाव वाटतं. पण एके काळी लिव्हरपूलच्या कापूस बाजारात 'हिंगणघाट' हे मालाचंच नाव होतं. इथली बनी जातीची रुई देशी कापसात वरच्या प्रतीची. अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर आली. वर्धा जिल्हा वेगळा काढला तो १८६२ मध्ये, पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवलं १८६६ मध्ये, आणि १८६७ ला रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. या तिन्ही गोष्टी पाठोपाठ घडल्या त्या काही आमच्या प्रेमापोटी नव्हे. ज्या मुंबईत हा कापूस जाई, तिथं मुदतीच्या सौद्यांचा फुगा १ जुलै १८६५ ला फुटला आणि भलेभले सेठ बुडाले. आबाजींच्या आधीच्या पिढीची ही गोष्ट, पण ते ती अशी सांगायचे जणू काल संध्याकाळीच तार आली.

तेजी-मंदी हा शब्द मी त्यांच्याकडूनच ऐकला. मी सहावीत असेन. ते ओट्यावर शेंगा फोडत होते. चार शेंगा माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, "हे दोन आणे घे. आता महिन्याभरानं मले वाटलं तर माझा माल तू आजच्या भावानं घ्यायचा. नाही वाटलं, तर दोन आणे तुझे, माल माझा. याले मंदी म्हणते." मग उलटं. दोन आणे देऊन आजच्या भावानं माल घ्यायचा हक्क राखून ठेवायचा, ती तेजी. जो पैसे देतो तो 'लावतो', जो घेतो तो 'खातो'. मी विचारलं, दोनच आणे का, चार का नाहीत? आबाजी हसले. "मुनीमजी ठरवत."

"कसं?"

"अंदाजानं. बाजार शांत असला तं कमी, बाजार नाचत असला तं जास्त."

तेजी-मंदी म्हणजेच ऑप्शन. ब्लॅक आणि शोल्स यांच्या सूत्रात पाच गोष्टी लागतात: आजचा भाव, ठरलेला भाव, मुदत, व्याजाचा दर, आणि बाजार किती नाचतो ते. पहिल्या चार कागदावर मिळतात. सगळी अक्कल पाचवीत. हिंगणघाटच्या मुनीमजीला ती ठाऊक होती, त्याच्याजवळ फक्त वर्गमूळ नव्हतं. मुदत चौपट झाली तर नाच चौपट होत नाही, दुप्पट होतो. हे पॅरिसमध्ये लुई बाशेलियेनं १९०० सालच्या प्रबंधात मांडलं होतं, आणि तिथं त्याला फारसं कुणी विचारलं नाही. आता मी कधीकधी कल्पना करतो की आबाजींच्या जिनातल्या त्या गादीवर कुणी बाशेलियेचा प्रबंध आणून ठेवला असता तर काय झालं असतं. बहुतेक मुनीमजींनी त्यावर पानाचा डबा ठेवला असता.

१९५२ च्या वायदे बाजार कायद्यानं मालाची तेजी-मंदी बंद केली. शेअरच्या ऑप्शनवर १९५६ च्या कायद्यानं बंदी आली, ती उठायला १९९५ उजाडलं. कापसाचे वायदेसुद्धा साठच्या दशकात थांबले. बंदी आली म्हणून खाज थोडीच जाते! मुंबईत लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावाच्या आकड्यांवर पैसे लावू लागले आणि तो भाव यायचा बंद झाला तेव्हा चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढू लागले. मटका जन्मला तो कापसाच्या पोटी. आमच्या गावच्या पानठेल्यावर मटक्याची चिठ्ठी फाडणाऱ्याला हे सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं.

आणि मग १९७२. या सालाचा योगायोग मला आजही चैन पडू देत नाही. महाराष्ट्र सरकारनं १९७१ चा कायदा करून ७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. शेतकऱ्यानं कापूस सरकारलाच विकायचा, व्यापाऱ्याला नाही, राज्याबाहेर नाही. सरकार हमी भाव देणार, वर फायदा झाला तर त्यातला वाटा. पुढच्याच एप्रिलमध्ये, १९७३ ला, शिकागोत ऑप्शनचा पहिला मोठा खुला बाजार उघडला. तिकडं भावाच्या जोखमीला किंमत लावून ती विकायला काढली, इकडं जोखीमच सरकारनं डोक्यावर घेतली. दुष्काळाची वर्षं होती, व्यापाऱ्यानं नागवलेला शेतकरी होता, त्यामुळं इकडच्यांचं चुकलं असं मी सहजासहजी म्हणणार नाही. तीसेक वर्षं ही योजना चालली आणि पार तोट्यात गेली. गणिताच्या भाषेत बोलायचं तर सरकार दरवर्षी लाखो शेतकऱ्यांची मंदी फुकटात खात होतं, आणि तिची किंमत काय होते हे हिशोबात कुठंच धरलेलं नव्हतं.

पण आठवण गणिताची नसते. आठवण आहे ती संकलन केंद्राबाहेरच्या गाड्यांची. दिवाळीनंतर सीतादहीची पूजा झाली, पहिला वेचा घरी आला, की बाबांबरोबर मीही गाडीवर. बैलगाड्यांची रांग मैलभर, कधी एक रात्र, कधी दोन. गाडीखाली कंदील, भाकरी अन् ठेचा, कापसाच्या ढिगावर झोप. तशी ऊब पुढं कुठल्याच गादीत मिळाली नाही. सकाळी ग्रेडर यायचा. गाडीत खोलवर हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांच्या मधे धागा ओढून लांबी पाहायचा, आणि तोंडातून एकच शब्द. त्या शब्दावर आमचं वर्ष. बाबा तेवढा वेळ श्वास रोखून उभे. मग काटा, मग पावती, मग चुकाऱ्याची वाट. माझ्या एम.एस्सी.ची फी चुकाऱ्यातूनच भरली. म्हणजे ज्या कापसानं मला गणित शिकवलं त्याच्याविषयी त्या गणितात एक ओळ नव्हती. पॅसेंजरच्या दारातून दोन्ही बाजूंना पऱ्हाट्याच पऱ्हाट्या दिसत, आणि आम्ही त्यांच्याकडं पाठ करून व्याख्या घोकत होतो.

आमच्याच वर्ध्यात उलट दिशेनं आलेला एक माणूस होऊन गेला, त्याची आठवण इथं येते. जे. सी. कुमारप्पा. लंडनला चार्टर्ड अकाउंटंट झालेले, मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्ताची पदव्युत्तर पदवी, प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली, जे बाबासाहेब आंबेडकरांचेही शिक्षक. गांधीजींनी बोलावलं आणि कुमारप्पा मगनवाडीत येऊन अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची घाणी, हातकागद आणि गूळ यांचे हिशोब मांडत बसले. जमनालाल बजाजांनी दिलेली ती बाग. शाळेच्या सहलीत आम्ही मगन संग्रहालय पाहिलं, चरखे पाहिले, आणि माझ्या डोक्यात बसलं ते इतकंच की इथं तेलाचा छान वास येतो. आज कोलंबियात गणिती वित्ताची एम.ए. आहे. तिथं शिकून मगनवाडीत कुणी येणार नाही, आणि मी कुणाला ये म्हणणारही नाही. पण जमाखर्चाची पदवी घेतलेल्या त्या गृहस्थानं निदान कापूस पाहिला होता.

आता भाचीचं. तिच्या शिक्षणाची वाट मला पूर्ण कळलेली नाही, पण जेवढी कळली तेवढीच थक्क करणारी. बी.एस्सी. इथंच केलं, मग प्रवेश परीक्षा देऊन बाहेर राज्यात. पहिल्याच सत्रात ज्या मेजर थिअरीनं माझ्या तोंडाला फेस आणला होता ती पुन्हा, पण आता तिला काम लागलेलं. 'मोजता येणारा' म्हणजे आजच्या तारखेला जेवढी माहिती हातात आहे तेवढ्यावर ठरवता येणारा. उद्याचा भाव आज मोजता येत नाही. एवढं एक वाक्य आम्हाला पॅसेंजरमध्ये कुणी सांगितलं असतं तर!

मग इटो. कियोशी इटो, जपानी गणिती, १९४४ चा लेख. त्याचं सूत्र भाचीनं मला कापूस हातात घेऊन समजावलं. आपल्या जुन्या कॅल्क्युलसमधली वक्ररेषा कितीही वाकडी असो, भिंग घेऊन जवळ गेलं की सरळ दिसते, म्हणून तिचा उतार काढता येतो. बाजारभावाची रेघ तशी नाही. जितकं जवळ जावं तितकी ती कुरळीच. दिवसाची बघा, तासाची बघा, मिनिटाची बघा, कुरळीच. मग तिथं उताराचा नियम चालत नाही, एक जादा पद येतं. ते जादा पद म्हणजेच मुनीमजींचं "बाजार नाचत असला तं जास्त". मी चष्मा काढून पुसला. साठीला टेकलेल्या माणसाला शिकवायची ही रीत चांगली आहे.

तिच्या टेबलावर श्रीव्हच्या पाठ्यपुस्तकाचे दोन खंड होते, फोटोकॉपी नव्हे, खरेखुरे. हलचं जाडजूड पुस्तक लॅपटॉपवर. आणि एक पुस्तक तिनं मुद्दाम दाखवलं, कल्लियनपूर आणि करंदीकर या दोघांचं ऑप्शनच्या किमतीवरचं, २००० सालचं. राजीव करंदीकर इंदूरच्या होळकर सायन्स कॉलेजचे, मग भारतीय सांख्यिकी संस्थेतले, पुढं चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे संचालक. "मामा, आपल्याच भाषेतला माणूस!" तिला त्याचं फार अप्रूप. मला अप्रूप सालाचं. २००० च्या जूनमध्ये आपल्याकडं निर्देशांकाचे वायदे सुरू झाले, पुढच्या जूनमध्ये ऑप्शन. म्हणजे दुकान उघडायला आणि दुकानाचं पुस्तक यायला इथं एकच वेळ. आमच्या वेळी आधी दुकान बंद झालं, मग पुस्तक लिहिलं गेलं, तेही सातासमुद्रापार.

सोय म्हणाल तर तुलनाच नाही. मी सामान्य वितरणाचे आकडे क्लार्कच्या लॉग टेबलसारख्या कोष्टकातून बोट फिरवून काढत होतो, मधला आकडा लागला तर दोन ओळींच्या मधे अंदाज. ती पायथनमध्ये सहा ओळी लिहिते आणि कापसाच्या भावाच्या दहा हजार वाटा चहा गार व्हायच्या आत काढते. आणि नोकरी. आम्हाला एम.एस्सी.नंतर दोनच दारं होती: बी.एड. किंवा बँकेची परीक्षा. एलआयसी लागली तर पेढे. हिला शिकता शिकताच मुंबई-बंगळुरूहून विचारणा. तरी गावात लोक बहिणीला विचारतातच, "पोरगी काय शिकते?" ती बिचारी सांगते, "गणितातलं शेअर मार्केट." मग समोरचा खुर्ची जवळ ओढतो आणि टिप मागतो.

टिप मागणाऱ्यांचा हा सुकाळ मात्र नवा. वर्ध्याला आर्वी नाक्यावर चहा घ्यायला थांबलो की शेजारच्या बाकावर पोरं मोबाइलवर मान घालून बसलेली. "आज एक्सपायरी आहे बे." सीई घेतला, पीई घेतला, शंभराचे चारशे झाले, चारशेचे शून्य झाले. सीई म्हणजे तेजी आणि पीई म्हणजे मंदी, हे त्यांना माहीत नाही, माहीत असायची गरजही वाटत नाही. सेबीनं जानेवारी २०२३ मध्ये हिशोब छापला: २०२१-२२ मध्ये वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर दहांतल्या नऊ जणांना तोटा, सरासरी १ लाख १० हजारांचा. पुढं सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांच्या एकूण तोट्याचा आकडा आला, १ लाख ८० हजार कोटींवर. भाचीला म्हटलं, हे असं कसं? तिनं फार शांतपणे सांगितलं, "मामा, पलीकडून खाणारा माझ्यासारखं शिकलेला आहे." मला ते वाक्य आवडलं नाही. खरं असल्यामुळं असेल.

त्या एप्रिलच्या दुपारी जवाईबुवा शेतातून आले, हातपाय धुतले, आणि दारात उभे राहून लेकीला म्हणाले, "तुझं मशीन काय म्हणते? वाढते का भाव?" आदल्या हंगामात, म्हणजे २०२२ च्या उन्हाळ्यात, कापूस दहा हजारांवर गेला होता, काही ठिकाणी बारा हजारांच्या पुढं. ज्यांनी आधी विकला ते वर्षभर हळहळले. म्हणून यंदा गावानं माल धरून ठेवला, आणि भाव साडेआठ-नऊवरून खाली घसरत होता.

पोरीनं मशीन बंद केलं. बाजार समितीच्या एका जुन्या पावतीची मागची बाजू घेतली.

"बाबा, समजा आज भाव सात हजार. महिन्यानं एक तर नऊ होईल, नाहीतर सहा. तिसरं काही नाही."

"हं."

"धरा, तुमच्याजवळ तीनच क्विंटल आहे. सातच्या खाली गेला तरी मी सात देईन, असा करार मी करते. मले आज किती द्याल?"

जवाईबुवा म्हणाले, "भाव चढायचे चान्स किती?"

"त्याचं कामच नाही." आणि तिनं लिहायला घेतलं. करार खाणाऱ्यानं, म्हणजे तिनं, कुणाकडून एक क्विंटल कापूस उसना घ्यायचा आणि आजच सात हजाराला विकायचा. बाबांकडून दोन हजार घ्यायचे. हातात नऊ हजार. भाव नऊ झाला, तर नऊ हजारांत एक क्विंटल घेऊन उसनं फेडलं, कराराचं देणं काही नाही. भाव सहा झाला, तर सहा हजारांत उसनं फेडलं, आणि उरलेले तीन हजार बाबांना, क्विंटलमागं एक हजार. दोन्हीकडून हात रिकामे, ना नफा ना तोटा. म्हणून तीन क्विंटलच्या मंदीची किंमत दोन हजार. भाव चढायचे चान्स नव्वद टक्के धरा की दहा, दोन हजारच.

मी पावती हातात घेतली. व्याज सोडलं होतं, बाकी सगळं त्यात होतं. मुनीमजी दोन आणे कसे ठरवत याचं उत्तर मला पन्नास वर्षांनी मिळालं, तेही चार ओळींत, आणि आबाजी नव्हते.

जवाईबुवांनी पावती उलटसुलट पाहिली. "अन् तूट?"

"कायची तूट?"

"घरात कापूस ठेवला तं वाळते. वजन घटते. तीन क्विंटलचे तीन राहत नाही." पोरगी गप्प. मग तिनं पेन्सिलनं समासात 'तूट' लिहिलं आणि त्याभोवती गोल केला. पुढं तिच्या प्रकल्पात त्यावर अख्खं एक प्रकरण झालं असं ऐकतो.

"अन् ही मंदी लावू कोणाजवळ?" त्यांचा दुसरा प्रश्न.

याला मात्र तिच्याजवळ सूत्र नव्हतं. मुंबईच्या एमसीएक्सवर रुईचा वायदा आहे. त्याच फेब्रुवारीत तो नव्यानं सुरू झाला होता, आणि एका सौद्याचं माप ठरलं होतं ४८ खंडी. खंडी ३५६ किलोची. म्हणजे सतरा टन रुई. कापसातून रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर एका सौद्यामागं पाचशे क्विंटल कापूस. तिनं बापासमोर गुणाकार केला आणि तिची तिलाच लाज वाटल्यासारखी झाली. घरात सगळा मिळून साठ क्विंटल. सोयाबीनचं विचारावं तर त्याचे वायदे डिसेंबर २०२१ पासून थांबवलेले. उरला हमीभाव. त्या वर्षी लांब धाग्याला ६,३८०. ती म्हणाली, "हीसुद्धा मंदीच आहे बाबा, अन् फुकटची."

"फुकटची आहे म्हणून तं तिथं ओलावा मोजते," जवाईबुवा म्हणाले. सरकारी खरेदीत बारा टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही. "अन् भाव त्याच्या खाली गेल्यावरच ती कामाची. तोवर काय करू, खाजवत बसू?"

बहीण आतून हसली. मग सगळेच हसलो.

कापूस विकला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. कुठल्याही सूत्रानं नाही. मृग लागला होता, बियाणं-खताला पैसा पाहिजे होता, आणि पत्र्यावर पहिली सर वाजली तशी छोट्या मालगाडीची व्यवस्था झाली. भाव सात हजारांच्या थोडा वर मिळाला. तूट निघाली ती निघालीच. मी योगायोगानं तिथंच होतो. माणसं पाट्या भरभरून ढीग बाहेर काढत होती आणि खोलीची भिंत महिन्यांनंतर दिसायला लागली.

त्या भिंतीवर, खिडकीच्या बाजूला, हातभर जागा दर दिवाळीला चुना लावताना सोडून देतात. तिथं जवाईबुवांच्या वडिलांपासून भाव लिहिलेले आहेत. कोळशानं, मग पेन्सिलीनं, मग बॉलपेननं. साल, तारीख, भाव. मधेच एकाधिकारचे हप्ते, मधेच कुणाच्या तरी लग्नाचा खर्च. पोरगी बंगळुरूला नोकरीवर निघायच्या तयारीत होती. बॅग उघडी टाकून भिंतीसमोर उकिडवी बसली आणि मोबाइलनं एकेका ओळीचा फोटो काढत राहिली. मला म्हणाली, "मामा, बाजार समितीच्या साइटवर इतक्या मागचा डेटा नाही."

"नाच किती निघतो?"

"काढून सांगते."

तिचे बाबा आत आले, तिला जरा सरकायला सांगितलं, खिशातलं पेन काढून शेवटच्या ओळीखाली तारीख घातली, ७,१५० लिहिलं, आणि कोपर खाजवत बाहेर गेले.